अळणी

मानपत्राचा मसुदा माझ्याकडे आला,
कारण मंडळात माझं शुद्धलेखन बरं, असं म्हणतात.
"शौर्य" लिहिलं. खोडलं.
"निःस्वार्थ सेवा" लिहिलं,
विसर्ग तपासला, आणि तिथंच अडले.

नुरुद्दीन परकार, मूळ गाव अंजर्ले, हल्ली मुक्काम फरवानिया,
वय वर्षं एक्क्याऐंशी.
यांनी नव्वद सालच्या ऑगस्टात
सालमियाच्या एका गल्लीत
भट्टी विझू दिली नाही.
एवढंच वाक्य खरं. बाकी सगळं
शालीच्या झालरीसारखं, बोटांत अडकणारं.

मी तेव्हा नऊ वर्षांची.
रांगेत माझ्या हातात आईचा हात,
आईच्या दुसऱ्या हातात उशीचा अभ्रा,
कारण शहरातल्या पिशव्या संपल्या होत्या
की घाईत आम्हालाच पिशवी आठवली नव्हती.
माणशी दोन खुबूस.
मोजणारा माणूस भुवयांपर्यंत पिठाचा झालेला.

पासपोर्ट कफीलकडे, कफील कुठे ते कुणालाच ठाऊक नाही,
म्हणून त्यानं चौरेघी वहीत नावं लिहायला घेतली.
नाव, गाव, घरात माणसं किती.
सांगोला. कोट्टायम. सिल्हेट. अनुराधपूर.
एका म्हातारीनं गाव सांगितलं, "इथंच."
त्यानं मान वर न करता "इथंच" लिहून घेतलं.
हीच वही पुढे बसच्या खिडकीतून
एका अधिकाऱ्याच्या हातात गेली,
आणि कागद नसलेली चारशे बारा माणसं
वहीत आहेत म्हणून आहेत, असं ठरलं.
शेवटचं नाव त्याचं स्वतःचं होतं, पेन्सिलीनं.
दोनदा खोडलेलं.
दोन्ही वेळा त्या जागी दुसरंच कुणी बसून गेलं.

मागच्या दारानं कोण यायचं,
अबायाखालून किती खुबूस जायचे,
कुणाच्या तळघरात कोण जेवायचं,
हे तो आजही सांगत नाही.
"वही रांगेची होती," एवढंच म्हणतो.

तिसऱ्या आठवड्यात मीठ संपलं.
दारात अख्खा समुद्र, आणि खुबुसात मीठ नाही.
एका पहाटे कॅन घेऊन तो किनाऱ्यावर गेला.
तिथं काटेरी तार, तारेशी एक शिपाई,
मिसरूड न फुटलेला, बसऱ्याकडचा.
आधी बंदूक रोखली.
मग विचारलं, "खुबूस आहे?"
खिशात दोन होते, स्वतःच्या वाट्याचे.
दिले. कॅन रिकामाच परत आला.
यावरून रांगेतली दोन घरं त्याच्याशी बोलेनाशी झाली,
त्यातलं एक अजून बोलत नाही.
हे मानपत्रात नको, असं समितीचं मत पडलं.
मीही मान हलवली.
मान हलवायला काय लागतं.

शुक्रवारी संध्याकाळी, शाळेच्या सभागृहात
एसी इतका की शाल खरोखर उपयोगी पडली.
मी वाचलं. विसर्ग नीट उच्चारला.
मग कुणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला चाचा.
त्यानं माइक धरला दोन्ही हातांनी,
गरम काहीतरी धरावं तसा, आणि म्हणाला,

"तेवीस दिवस तुमाला अळणी खायला घातला.
मीठ नव्हता.
माफी असावी."

आणि बसला.
टाळ्या वाजवायच्या की नाहीत, कुणाला कळेना.
खाल्ल्या मिठाला जागावं, हे आम्हाला लहानपणी शिकवलेलं.
त्याच्या हातचं मीठ तर आम्ही खाल्लंच नव्हतं,
मग पस्तीस वर्षं हे काय जागं आहे आमच्यात,
याला शब्द मला त्या रात्रीही सापडला नाही.

मानपत्राची चौकट त्यानं खुर्चीला टेकवून ठेवली,
आणि जेवणाच्या रांगेत, सगळ्यांत शेवटी, ताट घेऊन उभा राहिला.
पुढे व्हा, पुढे व्हा, म्हणून आम्ही कितीदा सांगितलं.
तो मागे वळून रिकाम्या सभागृहाकडे पाहत होता,
वाढणाऱ्या पोराला विचारत होता,
"बाहेर कुणी राहिला नाही ना रे?"